फुकटच्या वाय-फायवर साइट उघडत नाही? आधी बघा, दार कुणी बंद केलंय

(हा आपल्या पॉडकास्टच्या भागाचा लिखित मजकूर आहे. बोलताना झालेली पुनरुक्ती काढली आहे, बाकी बोलणं जसंच्या तसं ठेवलंय. नेट कमी असेल तर ऑडिओ नका लावू, हे वाचा. काम होईल.)

विवळवेढ्याहून बोलतोय. महालक्ष्मीच्या पायथ्याचं गाव, मुंबई-अहमदाबाद हायवेच्या कडेला. आजचा विषय तुमच्याच मेसेजमधून आलाय. गेल्या काही दिवसांत डहाणू, कासा, तलासरी, सगळीकडून एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येतोय. "वाय-फाय फुल दाखवतंय पण साइट उघडत नाही." "यूट्यूब चालतं, फॉर्मची साइट चालत नाही." "ब्लॉक केलीय वाटतं, कुठलं व्हीपीएन टाकू?"

या शेवटच्या प्रश्नापाशी जरा थांबू. कारण बहुतेक जण तिथूनच सुरुवात करतात. साइट उघडली नाही की लगेच प्ले स्टोअर, लगेच "फ्री व्हीपीएन", आणि वर चार परवानग्या बिनधास्त देऊन मोकळे. माझं म्हणणं एवढंच आहे, की "ब्लॉक आहे" हे काही उत्तर नाही. तुमचा फोन आणि ती साइट यांच्यामध्ये पाच दारं आहेत. प्रत्येक दाराचा मालक वेगळा, कुलूप वेगळं, किल्ली वेगळी. कुठलं दार बंद आहे ते कळलं, तर निम्म्या वेळा दोन मिनिटांत काम होतं. नाही कळलं, तर तुम्ही भलत्याच दारावर धक्के मारत बसता आणि फॉर्मची मुदत निघून जाते.

ती पाच दारं अशी. एक, तुमचा स्वतःचा फोन. दोन, वाय-फायचं लॉगिन. तीन, वाय-फाय देणाऱ्याने लावलेला फिल्टर. चार, इंटरनेट कंपनी, आणि तिच्यामागे सरकार किंवा कोर्ट. पाच, ती साइट स्वतः. आता एकेक उघडून बघू.

आधी दोन मिनिटांची तपासणी

काहीही बदलायच्या आधी तीन गोष्टी करा. सेटिंगला हात लावायची गरज नाही.

पहिली, त्याच वाय-फायवर दुसरी एखादी साइट उघडून बघा. काहीच उघडत नसेल तर दार पहिलं किंवा दुसरं. एकच साइट अडकत असेल तर तिसरं, चौथं किंवा पाचवं.

दुसरी, वाय-फाय बंद करून मोबाइल डेटावर तीच साइट उघडा. डेटा संपला असेल तर शेजारच्या मित्राच्या फोनवर बघा, त्याचं सिम दुसऱ्या कंपनीचं असेल तर आणखी चांगलं. डेटावर उघडली आणि वाय-फायवर नाही, म्हणजे अडथळा बहुतेक वाय-फायच्या बाजूला. दोन्हीकडे नाही, म्हणजे कंपनी-सरकार तरी, नाहीतर साइटच बंद.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आणि सगळे तीच टाळतात. स्क्रीनवर काय लिहिलंय ते वाचा. स्क्रीनशॉट काढा. इंग्रजी आहे म्हणून पुढे ढकलू नका, तो एरर म्हणजे तुमच्या दुखण्याचं नाव आहे. डॉक्टरला नुसतं "बरं वाटत नाही" सांगून भागत नाही ना, तसंच.

आणि हो, जत्रेचं वेगळं. चैत्र पौर्णिमेपासून पंधरा दिवस आपल्याकडे महालक्ष्मीची जत्रा असते, गर्दी किती असते ते तुम्हाला माहितीय. त्या दिवसांत वाय-फाय असो की टॉवर, एकाच नळावर हजार हंडे लागतात. पान अर्धं उघडतं, गोल फिरत राहतं, मग "टाइम्ड आउट" येतं. हे ब्लॉक नाही, ही गर्दी आहे. ओळखायचं कसं? गर्दीत सगळ्याच साइट्स रडतात, ब्लॉकमध्ये ठरावीक साइटच अडते. गर्दीवर उपाय एकच: पहाटे बसा किंवा रात्री उशिरा बसा.

पहिलं दार: तुमचा फोन

हे दार बंद असेल अशी शंका कुणाला येत नाही, कारण दोष आपल्या खिशात असेल असं कुणाला वाटत नाही.

सगळ्यात साधं कारण म्हणजे तारीख-वेळ. फोन बरेच दिवस बंद होता, चालू केला, तारीख मागचीच राहिली. आता प्रत्येक सुरक्षित साइटकडे एक सर्टिफिकेट असतं, त्यावर "अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत वैध" असं असतं. फोनची तारीख चुकली की फोनला ते सर्टिफिकेट खोटं वाटतं, आणि "युवर कनेक्शन इज नॉट प्रायव्हेट" असं लाल पान येतं. एररमध्ये "सर्ट डेट इनव्हॅलिड" किंवा "युवर क्लॉक इज बिहाइंड" दिसलं तर दुसरं काही बघू नका. सेटिंगमध्ये जाऊन तारीख-वेळ "ऑटोमॅटिक" करा.

दुसरं कारण, आधीच टाकून ठेवलेलं व्हीपीएन किंवा जाहिराती अडवणारं अ‍ॅप. सहा महिन्यांपूर्वी मॅच बघायला टाकलेलं असतं, मागे चालू राहतं. वर पट्टीत किल्लीचं चिन्ह दिसतंय का बघा. दिसलं तर बंद करा आणि परत प्रयत्न करा.

तिसरं कारण, "प्रायव्हेट डीएनएस". हे अँड्रॉइड ९ पासून, म्हणजे २०१८ नंतरच्या बहुतेक फोनमध्ये आहे. आता हे डीएनएस म्हणजे काय? बघा, आपल्याकडे गाव म्हणजे पाडे. कुणी पाहुणा नाक्यावर उतरतो आणि विचारतो, "अमक्यांचा पाडा कुठं?" नाक्यावरचा माणूस रस्ता सांगतो, मग पाहुणा जातो. इंटरनेटवर साइटचं नाव सांगितल्यावर तिचा खरा पत्ता, म्हणजे आकड्यांचा आयपी पत्ता सांगणारा तो नाक्यावरचा माणूस म्हणजे डीएनएस. एखादा व्हिडिओ बघून तुम्ही प्रायव्हेट डीएनएसमध्ये कुणाचं तरी नाव टाकून ठेवलं असेल, तर फोन फक्त त्याच माणसाला विचारायला जातो. आणि काही सार्वजनिक वाय-फाय त्या माणसापर्यंत जाऊच देत नाहीत. मग "प्रायव्हेट डीएनएस सर्व्हर कॅनॉट बी अ‍ॅक्सेस्ड" असं येतं आणि काहीच उघडत नाही. उपाय: तिथे "ऑटोमॅटिक" निवडा.

दुसरं दार: लॉगिन, म्हणजे टोलनाका

चारोटीचा टोलनाका डोळ्यासमोर आणा. रस्ता आहे, गाडी आहे, गाडीत डिझेल आहे. पण दांडा वर जात नाही तोवर पुढे जाता येत नाही. स्टेशनवरचं, हॉटेलातलं, बस डेपोवरचं वाय-फाय असंच असतं. फोन "कनेक्टेड" म्हणतो, पण नंबर टाकून ओटीपी दिल्याशिवाय दांडा उठत नाही.

गोंधळ इथे होतो. पूर्वी कुठलीही साइट उघडली की नाका मध्ये घुसून आपलं लॉगिनचं पान दाखवायचा. आता जवळपास सगळ्या साइट्स कुलूपबंद, म्हणजे "एचटीटीपीएस" आहेत. नाक्याने मध्ये घुसायचा प्रयत्न केला की ब्राउझर ओरडतो, "हे पान खरं नाही!" म्हणून लॉगिनचं पान दिसतच नाही, दिसते ती धोक्याची सूचना. आणि आपण समजतो साइट ब्लॉक आहे.

करायचं काय? वाय-फायला जोडल्यावर "साइन इन टू नेटवर्क" अशी सूचना येते, ती दाबा. सूचना आली नाही तर वाय-फायच्या यादीत त्या नेटवर्कच्या नावावर परत टिचकी मारा. तरीही नाही आली तर ब्राउझरमध्ये कुलूप नसलेली एखादी साइट उघडा. त्यासाठीच एक साइट बनवलेली आहे: नेव्हर एसएसएल डॉट कॉम, नाव सलग लिहायचं, मध्ये जागा नाही. ती उघडली की नाका आपलं पान दाखवतो. तेही नाही जमलं तर नेटवर्क "फर्गेट" करून नव्याने जोडा.

एक पक्कं लक्षात ठेवा. धोक्याच्या लाल पानावर "अ‍ॅडव्हान्स्ड" दाबून पुढे जायचा पर्याय असतो. सार्वजनिक वाय-फायवर तो कधीच दाबायचा नाही. त्याच नावाचं खोटं वाय-फाय कुणी लावलं असेल, तर तेच लाल पान तुम्हाला वाचवत असतं. लॉगिनला मोबाइल नंबर आणि ओटीपी लागतो. आधार नंबर, एटीएमचा पिन, यूपीआय पिन मागणारं लॉगिन दिसलं की वाय-फाय बंद करून उठा.

बऱ्याच जणांनी विचारलं, फुकटच्या वाय-फायला ओटीपी कशाला लागतो? याची गोष्ट आपल्याच महाराष्ट्रातली आहे. २६ जुलै २००८ ला अहमदाबादमध्ये बॉम्बस्फोट झाले. त्याआधी काही मिनिटं जबाबदारी घेणारा ईमेल आला. पोलिसांनी माग काढला तर तो नवी मुंबईत, सानपाड्यातल्या एका घरच्या इंटरनेट कनेक्शनवरून गेलेला. त्या घराचं वाय-फाय उघडं होतं, कुणीही जोडावं असं. या प्रकारानंतर फेब्रुवारी २००९ मध्ये दूरसंचार विभागाने इंटरनेट कंपन्यांना सूचना दिल्या, की सार्वजनिक वाय-फाय वापरणाऱ्याची ओळख पटवून घ्या. तुमच्या फोनवर येणारा ओटीपी तिथून आलाय. म्हणजे तुमच्या नंबरावर काय जोडलं गेलं याची नोंद राहते. तेव्हा आपला ओटीपी दुसऱ्याला "जरा दे ना" म्हणून देऊ नका. त्याने काय केलं ते तुमच्या नावावर लागेल.

स्टेशनवरच्या वाय-फायला आणखी एक मर्यादा असते. जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रलपासून रेलटेल आणि गुगलचं वाय-फाय सुरू झालं. गुगल २०२० मध्ये बाहेर पडलं, रेलटेलने ते पुढे चालवलं आणि देशातल्या ६,००० पेक्षा जास्त स्टेशनांवर नेलं. मार्च २०२१ पासून त्यांनी प्लॅन आणले: दिवसाला पहिली ३० मिनिटं फुकट, पुढे पैसे. आता तुम्ही फॉर्म भरताय, तिसाव्या मिनिटाला दांडा खाली आला, "सबमिट" दाबल्यावर पान उघडलं नाही. साइट ब्लॉक नाही झाली, तुमची वेळ संपली. म्हणून फोटो, सही, दाखले सगळं आधी लहान साइझमध्ये तयार ठेवून मगच लॉगिन करा.

तिसरं दार: वाय-फायवाल्याचा फिल्टर

आता नाका पार झाला, बाकी सगळं चालतं, पण ठरावीक साइट नाही. इथे वाय-फाय देणाऱ्याने चाळणी लावलेली असते. कॉलेज, वाचनालय, ग्रामपंचायत, ऑफिस, कुणीही. त्यात वाईट काही नाही. त्याची जागा, त्याचं बिल, त्याचा नियम. लहान मुलं बसतात तिथे प्रौढांच्या साइट्स बंद ठेवणं बरोबरच आहे. बिल वाचवायला मोठे व्हिडिओ आणि डाउनलोडही बंद ठेवतात.

ही चाळणी बहुतेक वेळा डीएनएसवर लावतात, म्हणजे नाक्यावरच्या माणसाला सांगून ठेवायचं, "अमका पाडा विचारला तर माहीत नाही म्हण." मग तुमच्या फोनवर "डीएनएस प्रोब फिनिश्ड एनएक्सडोमेन" असा लांबलचक एरर येतो. त्याचा अर्थ एवढाच, की या नावाचा पत्ताच मिळाला नाही. अर्थात नाव टाइप करताना एक अक्षर चुकलं तरी हाच एरर येतो, म्हणून आधी स्पेलिंग बघा. काही ठिकाणी सरळ पान येतं, "धिस कॅटेगरी इज ब्लॉक्ड". हे तर बरंच, निदान खरं सांगितलं.

पण चाळणीला डोकं नसतं. ती शब्द आणि यादी बघते. मासिक पाळी, गर्भनिरोध, स्तनाचा कॅन्सर यांची माहिती देणारी डॉक्टरांची साइट आणि अश्लील साइट, दोन्हींत शरीराचे तेच शब्द. याचं मोजमाप झालेलं आहे. अमेरिकेत कैसर फॅमिली फाउंडेशनने २००२ मध्ये शाळा-वाचनालयांतले फिल्टर तपासले. साध्या सेटिंगवर आरोग्याच्या १.४ टक्के साइट्स अडल्या आणि अश्लील साइट्सपैकी ८७ टक्के. सेटिंग सगळ्यात कडक केल्यावर आरोग्याच्या २४ टक्के साइट्स अडल्या, आणि अश्लील? फक्त ९१ टक्के. म्हणजे चाळणी घट्ट करून वाईट थोडंसंच जास्त अडलं आणि कामाचं कितीतरी पट अडलं. अभ्यास जुना आहे, पण चाळणीचा स्वभाव तोच आहे.

म्हणून इथे किल्ली म्हणजे तोंड उघडणं. मला माहितीय, आपल्याकडची मुलंमुली ऑफिसात जाऊन विचारायला कचरतात. "साहेब, ही साइट चालत नाही" म्हटलं तर समोरचा म्हणेल "कुठली साइट बघत होता?" ही भीती. त्यावर उपाय म्हणजे तोंडी नको, लेखी द्या. चार ओळी पुरतात: वाय-फायचं नाव, साइटचा पूर्ण पत्ता, तारीख-वेळ आणि स्क्रीनशॉट. आणि ती साइट कशाला हवी हे एका वाक्यात. "शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायचा आहे, मुदत अमुक तारखेला संपते." राउटर सांभाळणाऱ्याला एक साइट मोकळी करायला पाच मिनिटं लागतात. पण कुठली मोकळी करायची ते कुणी सांगतच नाही, म्हणून ती बंद राहते.

चौथं दार: कंपनी, सरकार, कोर्ट

डेटावर नाही, वाय-फायवर नाही, कुठेच नाही. पण साइट जगात इतरत्र चालू आहे. कधीकधी पान येतं की दूरसंचार विभागाच्या किंवा कोर्टाच्या आदेशाने ही साइट बंद आहे. कधी नुसतंच "कनेक्शन रीसेट".

हे "रीसेट" कसं होतं ते समजून घ्या. पाकिटात चिठ्ठी बंद असते, पण पाकिटावर नाव लिहावंच लागतं. सुरक्षित साइटशी जोडताना मजकूर बंद असला तरी साइटचं नाव सुरुवातीला उघडं जातं. कंपनी ते नाव वाचते आणि यादीत असेल तर तार कापते. जिओ ही पद्धत वापरते हे सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटीच्या संशोधकांनी २०१९ मध्ये दाखवून दिलं. आणि सगळ्या कंपन्या सारख्याच साइट्स अडवत नाहीत हेही अशा तपासण्यांतून दिसलं. म्हणून तर मी म्हटलं, मित्राचं सिम दुसऱ्या कंपनीचं असेल तर चांगलं.

कायदा कुठला? माहिती तंत्रज्ञान कायदा, २०००, कलम ६९-अ. देशाची सुरक्षा, सार्वभौमत्व, सार्वजनिक सुव्यवस्था अशा ठरावीक कारणांसाठी केंद्र सरकार साइट बंद करायला लावू शकतं. त्याची कार्यपद्धती २००९ च्या नियमांत आहे. शिवाय कॉपीराइटसारख्या प्रकरणांत कोर्टही आदेश देतं.

या कायद्याशी पालघरचं नातं आहे, आणि आपल्या वयाच्या मुलींचं आहे. नोव्हेंबर २०१२, तेव्हा पालघर ठाणे जिल्ह्यात होतं. बाळासाहेब ठाकरेंच्या निधनानंतरच्या बंदबद्दल एका मुलीने फेसबुकवर पोस्ट टाकली, दुसरीने ती लाइक केली, आणि दोघींना अटक झाली. त्यानंतर एका विद्यार्थिनीने सुप्रीम कोर्टात याचिका केली, तीच श्रेया सिंघल केस. २४ मार्च २०१५ ला कोर्टाने कलम ६६-अ रद्द केलं. पण त्याच निकालात कलम ६९-अ कायम ठेवलं. का? कारण त्यात पद्धत आहे: समिती आहे, कारणं लेखी द्यावी लागतात आणि त्या कारणांना कोर्टात आव्हान देता येतं. म्हणजे बंद करायचा अधिकार आहे, पण मनाला येईल तसा नाही.

आणि चुकीने किंवा विनाकारण बंद झालेलं दार परत उघडतं का? उघडतं. डिसेंबर २०१४ मध्ये एका आदेशात ३२ साइट्स बंद झाल्या. त्यात प्रोग्रामिंग शिकणारी मुलं वापरतात ते गिटहब होतं, व्हिमिओ होतं, जुनी पुस्तकं ठेवणारं इंटरनेट आर्काइव्ह होतं. आरडाओरडा झाला आणि काही दिवसांत यातल्या साइट्स मोकळ्या व्हायला लागल्या. दुसरं उदाहरण तुमच्या फोनमध्येच असेल. नारिंगी शंकूवालं व्हीएलसी प्लेयर. ते बनवणाऱ्या फ्रान्समधल्या व्हिडिओलॅन संस्थेची साइट २०२२ मध्ये भारतात उघडेनाशी झाली. लोक मग कुठल्याही साइटवरून व्हीएलसी उतरवायला लागले, म्हणजे खरा धोका उलट तिथे. व्हिडिओलॅनने इंटरनेट फ्रीडम फाउंडेशनच्या मदतीने ऑक्टोबर २०२२ मध्ये सरकारला कायदेशीर नोटीस पाठवली, आदेशाची प्रत मागितली. नोव्हेंबरमध्ये बंदी उठली. कुणी हॅक नाही केलं, मंडळी. कागद पाठवला.

तर या दाराशी तुमच्या हातात काय? घाईचं काम असेल तर त्याच माहितीचा दुसरा अधिकृत मार्ग शोधा. अ‍ॅप असेल तर प्ले स्टोअरवरूनच घ्या. साइट कामाची असून बंद दिसत असेल तर इंटरनेट कंपनीच्या ग्राहक सेवेला लेखी विचारा आणि तक्रार क्रमांक घ्या. आणि साइट जुगाराची किंवा चोरीच्या सिनेमाची असेल तर, भाऊ, ते दार बंदच बरं.

पाचवं दार: साइट स्वतः

हे दार सगळ्यात जास्त फसवतं. आपण वाय-फायला शिव्या घालतो आणि साइटच झोपलेली असते.

२०२५ ची अकरावी आठवा. तोवर ऑनलाइन प्रवेश मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर, अमरावती अशा शहरांपुरता होता. त्या वर्षी पहिल्यांदा सगळ्या राज्याला लागू झाला, म्हणजे डहाणू-तलासरीच्या मुलांनाही. २१ मेला नोंदणी सुरू व्हायची होती. पहिल्याच दिवशी पोर्टल ठप्प. शेवटी नोंदणी २६ मेपासून सुरू झाली. त्या दिवशी ज्यांनी सात वाय-फाय बदलली, चार व्हीपीएन टाकली, त्यांना काय मिळालं? काही नाही. ज्याने स्क्रीनशॉट काढला, शाळेत फोन केला आणि बातमी बघितली तो निवांत राहिला.

एररमधले आकडे इथे कामाला येतात. ५०० ते ५०४ मधला आकडा दिसला तर घोळ बहुतेक साइटच्या बाजूचा. थांबा, थोड्या वेळाने बघा. ४०४ म्हणजे ते पान तिथे नाही, जुनी लिंक असेल, मुख्य पानावरून जा. ४०३ म्हणजे साइट तुम्हालाच आत घेत नाही. ४२९ म्हणजे तुमच्या पत्त्यावरून फार वेळा विचारणा झाली.

हे ४०३ आणि ४२९ सार्वजनिक वाय-फायवर जास्त येतात. कारण शंभर लोक बसले असले तरी बाहेरच्या जगाला ते सगळे एकाच आयपी पत्त्यावरून येताना दिसतात. एकाने उपद्व्याप केला की सगळ्यांना दार बंद. गुगल सारखं "तुम्ही रोबोट आहात का" विचारतं तेही यामुळेच. इथे मोबाइल डेटावर गेलात की लगेच सुटता.

आणि मग व्हीपीएन?

आता या प्रश्नाकडे येऊ. व्हीपीएन वापरणं हा आपल्याकडे आपोआप गुन्हा होत नाही. कंपन्यांची कामं त्यावर चालतात. पण पाच दारांवर ही किल्ली लावून बघा. फोनची तारीख चुकली असेल, व्हीपीएनने काही होत नाही. लॉगिन झालं नसेल, व्हीपीएन जोडलंच जात नाही, उलट लॉगिनचं पान अडवतं. साइट ठप्प असेल, उपयोग शून्य. सरकारी साइट असेल तर उलटा त्रास. आपल्या बऱ्याच सरकारी साइट्स परदेशी पत्त्यावरून उघडतच नाहीत, आणि फुकटचं व्हीपीएन तुम्हाला सिंगापूर नाहीतर नेदरलँड्सला नेऊन उभं करतं. म्हणजे उघडं दार तुम्ही स्वतः बंद केलं.

राहिली दोन दारं. तिथे ते चालेलही कदाचित, पण किंमत बघा. व्हीपीएन म्हणजे तुमचं सगळं येणं-जाणं एका अनोळखी माणसाच्या घरातून न्यायचं. तो कोण? फेसबुकचं ओनाव्हो नावाचं व्हीपीएन अ‍ॅप होतं, "तुमचा डेटा सुरक्षित ठेवतो" म्हणून लोकांनी घेतलं. लोक कुठली अ‍ॅप किती वापरतात याची माहिती ते फेसबुकला देत होतं. अ‍ॅपलच्या आक्षेपानंतर ऑगस्ट २०१८ मध्ये ते अ‍ॅप स्टोअरवरून निघालं. एवढ्या मोठ्या कंपनीचं हे, तर नाव-गाव नसलेल्या फुकट अ‍ॅपचं काय सांगावं? ज्या फोनवर घरच्यांचं बँक खातं, आधारचे फोटो आणि शिष्यवृत्तीचं लॉगिन आहे, त्या फोनवर हा जुगार नको.

मुदत आजच संपत असेल तर

शेवटी घाईवाल्यांसाठी क्रम सांगतो, हा सेव्ह करून ठेवा.

एक: एरर वाचा, तारीख-वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट काढा.
दोन: दुसरी साइट उघडून बघा. काहीच नाही उघडत तर तारीख, व्हीपीएन, प्रायव्हेट डीएनएस आणि लॉगिन, या क्रमाने तपासा.
तीन: मोबाइल डेटावर बघा. फॉर्म भरायला फार डेटा लागत नाही, मित्राचा हॉटस्पॉट दहा मिनिटं मागा. पैसे भरायचा टप्पाही शक्यतो डेटावरच करा.
चार: डेटावरही नाही, तर साइटची अधिकृत हेल्पलाइन. तिथे स्क्रीनशॉट पाठवा. मुदत वाढवून मागताना तोच पुरावा असतो.
पाच: जवळचं आपले सरकार सेवा केंद्र किंवा शाळा-कॉलेजचं ऑफिस. आदिवासी विकास विभागाचं काम असेल तर डहाणूला प्रकल्प कार्यालय आहे. तिथे जाऊन सांगा, लाजू नका.

आपल्या भागात अजून बऱ्याच जणांना वाय-फाय म्हणजे कुणीतरी केलेली मेहरबानी वाटते. फुकट मिळतंय ना, मग तक्रार कशाला करायची. पण फॉर्म ऑनलाइन, निकाल ऑनलाइन, दाखला ऑनलाइन झाल्यावर ते दार उघडं असणं ही मेहरबानी राहत नाही. कुठलं दार बंद आहे हे नाव घेऊन सांगता आलं, की समोरच्यालाही उत्तर द्यावं लागतं. "नेट चालत नाही" याला कुणीच उत्तर देत नाही.

तुमच्याकडे असा एखादा एरर अडकला असेल तर स्क्रीनशॉट पाठवा, फक्त त्यातले नंबर आणि नावं खोडून. पुढच्या भागात त्यातलेच काही घेऊ. आणि हा मजकूर त्या मित्राला नक्की पाठवा ज्याच्या फोनमध्ये आत्ता तीन व्हीपीएन आहेत. चला, भेटू. काळजी घ्या!